नेट मराठी: तिसऱ्या खेपेला निघाली, त्याआधी काय चुकलं

माझी नेट, म्हणजे महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठी द्यावी लागणारी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मराठी विषयात तिसऱ्या प्रयत्नात निघाली. पहिल्या वेळी मी ‘कोसला’ पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचली, तिच्या नायकावर, पांडुरंग सांगवीकरवर वहीची अकरा पानं भरली आणि पेपरात त्या कादंबरीच्या वाट्याला आला एक प्रश्न, तोही कालक्रमाचा. साल माहीत असतं तर वीस सेकंदांत सुटला असता. मला नव्हतं.

एम.ए.ला मोठी उत्तरं लिहून आपला हात बसलेला असतो. इथे हात चालवायचाच नसतो. तीन तास, एकच बैठक, संगणकावर. पहिल्या पेपरचे (सगळ्या विषयांना सारखाच, अध्यापन-संशोधन क्षमतेचा) ५० प्रश्न, दुसऱ्याचे (आपल्या विषयाचा, म्हणजे मराठीचा) १००, प्रत्येकी दोन गुण, सगळे पर्यायी उत्तरांचे. चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दर प्रश्नाला बहात्तर सेकंद येतात. एवढं कळलं की तयारीची दिशाच बदलते.

सालांचं मी असं केलं. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी जोडून एक लांब पट्टी दाराच्या मागच्या बाजूला चिकटवली. तिच्यावर आधी फक्त मराठी साहित्यातल्या ठळक टप्प्यांच्या खुंट्या ठोकल्या: १२९० ज्ञानेश्वरी, १८३२ दर्पण, १८५७ यमुनापर्यटन, १८७४ निबंधमाला, १९४७ मर्ढेकरांच्या ‘काही कविता’, १९६३ कोसला, १९७२ गोलपीठा. बाकी सगळं या खुंट्यांना टांगायचं. ‘बलुतं’ गोलपीठानंतर सहा वर्षांनी, ‘स्त्रीपुरुष तुलना’ निबंधमालेनंतर आठ वर्षांनी. सुटं साल आठवत नाही, अंतर मात्र आठवतं. निदान माझ्या डोक्याला तरी.

नाटकांसाठी दोन रकाने ठेवा, प्रयोगाचा आणि छापील पुस्तकाचा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा प्रयोग १९६७चा, पुस्तक १९६८चं. प्रश्नात ‘प्रकाशन’ म्हटलंय की ‘पहिला प्रयोग’, ते बघितल्याशिवाय माउस हलवायचा नाही.

आणि सगळी सालं पाठ लागतातच असं नाही. समजा क्रम लावायचाय: अ) रणांगण, ब) यमुनापर्यटन, क) बनगरवाडी, ड) मोचनगड. आधी दोन टोकं पकडा. सगळ्यात जुनं ब, सगळ्यात अलीकडचं क. ब-ने सुरू होऊन क-वर संपणारे पर्याय सहसा एक किंवा दोनच उरतात. मधल्या दोघांत मोचनगड एकोणिसाव्या शतकातली ऐतिहासिक कादंबरी, तर रणांगणवर दुसऱ्या महायुद्धाची सावली. १८७१ आणि १९३९ हे आकडे न आठवताही ब-ड-अ-क लागलं की नाही?

विधान-कारणाच्या प्रश्नांनी मला दोनदा बुडवलं. दोन्ही वाक्यं खरी दिसली की मी आनंदाने ‘दोन्ही बरोबर, आणि कारण त्या विधानाचंच’ हा पर्याय दाबायची. हे बघा. विधान: केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. कारण: त्यांनी सुनीत (चौदा ओळींची कविता, सॉनेट) हा प्रकार मराठीत आणला. दोन्ही खरं. आता मध्ये ‘कारण’ घालून मनात मोठ्याने वाचा. एक काव्यप्रकार आणला म्हणून कुणी जनक होतं का? आशय बदलला, कवीचा ‘मी’ कवितेत आला, रूढींविरुद्ध बंड आलं म्हणून म्हणतात. म्हणजे दोन्ही बरोबर, पण कारण त्या विधानाचं नाही.

साहित्यशास्त्राला घाबरून पळणारे खूप. मला उलट तिथेच हमखास गुण मिळाले, कारण ते मर्यादित आहे आणि ‘जोड्या लावा’साठीच जन्माला आल्यासारखं आहे: कोणत्या आचार्याचा कोणता सिद्धांत. वामन-रीती, आनंदवर्धन-ध्वनी, कुंतक-वक्रोक्ती, क्षेमेंद्र-औचित्य. भरताच्या रससूत्राचे (रस कसा निर्माण होतो ते सांगणारं सूत्र) चार भाष्यकार मात्र कायम अदलाबदल व्हायचे. शेवटी ‘लोशन अभिनवला’ केलं: लोल्लट, शंकुक, नायक, अभिनवगुप्त. त्यांच्यासमोर त्याच क्रमाने त्यांची मतं: उत्पत्ती, अनुमिती, भुक्ती, अभिव्यक्ती. हॉलमध्ये बसल्याबसल्या रफ कागदावर मी सगळ्यात आधी हेच लिहून टाकलं. प्रश्न आला नसता तरी हात थरथरायचा थांबला, तेही कमी नव्हतं.

पहिल्या पेपरकडे मराठीवाले काणाडोळा करतात, आणि तोच घात करतो. तो मराठीत नसतो, इंग्रजी किंवा हिंदीत सोडवायचा असतो, आणि माध्यम फॉर्म भरतानाच निवडावं लागतं. गुण दोन्ही पेपरचे मिळून धरतात. पहिल्यात ५० आणि ७० यांतल्या फरकाचे वीस गुण दुसऱ्या पेपरात मिळवायला दहा प्रश्न जास्तीचे बरोबर यावे लागतात. रोज एक उतारा, एक तक्ता आणि एक तर्काचं गणित, पाऊण तास, बस.

प्रत्यक्ष दिवशी माझा क्रम असा: आधी मराठी, कारण तिथे डोकं ताजं लागतं. पहिल्या फेरीत येतात तेवढे, अडला की खूण करून पुढे. शंभर मिनिटांनी काहीही झालं तरी पहिला पेपर उघडायचा. उरलेल्या वेळात खुणा केलेले. तिसऱ्या खेपेला चौथा, पाचवा, सहावा असे सलग तीन प्रश्न अनोळखी निघाले. पोटात गोळा आला. पूर्वी अशा वेळी मी तिथेच रुतून बसायची. या वेळी तिन्हींवर खूण केली, पाण्याचा घोट घेतल्यासारखा एक मोठा श्वास घेतला आणि सातव्यावर गेले. सातवा लोशनचा होता!

सुटल्यावर गेटबाहेर ‘त्याचं उत्तर काय गं?’ चालू असतं. तिथे थांबू नका. तात्पुरती उत्तरसूची आली की आपली रिस्पॉन्स शीट (आपण नोंदवलेल्या उत्तरांची प्रत) लगेच उतरवून ठेवा, नंतर लिंक बंद होते. सूचीतलं उत्तर चुकीचं वाटलं तर मुदतीत, शुल्क भरून हरकत घेता येते. पुरावा म्हणून गाइडचं पान जोडू नका. पहिल्या आवृत्तीच्या मुद्रणपृष्ठाचा, म्हणजे साल छापलेल्या पानाचा फोटो जोडा, आणि तो महिनाभर आधीच ग्रंथालयातून काढून ठेवला असेल तर धावपळही वाचते.