खुडूक कोंबडीखाली अंडी एकाच दिवशी ठेवा
कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की तिच्याखाली रोज एक-एक अंडं सरकवत जाऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. पिल्लू साधारण 21 दिवसांनी बाहेर येतं आणि पहिली काही निघाली की कोंबडी एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते, मग मागून ठेवलेली अंडी गार पडतात आणि आतली तयार होत आलेली पिल्लं मरतात, फार वाईट वाटतं ते बघून. म्हणून अंडी आधी साठवा, गार जागी पण फ्रीजमध्ये नाही, टोकदार बाजू खाली, आठवड्यापेक्षा जुनी नकोत. आणि धुवू नका, वरचा संरक्षक थर जातो. मग सगळी एकदम ठेवा, शक्यतो अंधार पडल्यावर, कोंबडी बिथरत नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण कराच, कारण दुसऱ्या कोंबड्या तिथेच येऊन अंडी घालून जातात, ती बिनखुणेची रोज काढून घ्यायची. 7-8 दिवसांनी रात्री अंड्याला टॉर्च लावून आत बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू वाढतंय, अगदी स्वच्छ दिसलं तर फळलेलं नाही. दाणा-पाणी जवळच ठेवा, ती फार कमी वेळ उठते.