खुनी बाहुल्याचा जबडा

१९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मधला चकी असो की १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू, दहशत बसते ती हलणाऱ्या जबड्याने. सुरा नंतर. एकांकिकेसाठी किंवा शॉर्ट फिल्मसाठी असा बाहुला करायचा तर सगळ्यात जास्त वेळ जबड्यालाच द्या.

क्रॉफर्ड मार्केटातून साधारण दोन फुटी, रबरी डोक्याचा बाहुला आणा. डोकं गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवलं की मऊ पडतं आणि मानेतून निघतं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून हनुवटीखालपर्यंत सरळ उभ्या रेघा मारून कटरने तेवढा तुकडा काढा. दोन्ही बाजूंना एक मिलिमीटर फट हवीच, कारण रंगाचे दोन हात बसले की जबडा अडकतो. तुकड्याला आतून लाकडी पट्टी चिकटवा, ती मागे कानाच्या रेषेपर्यंत न्या आणि तिथे सायकलचा स्पोक आडवा घाला. स्पोक ओठांच्या जवळ घेतला तर हनुवटी खाली न जाता गळ्यात घुसते. बहुतेक बाहुले इथेच फसतात.

जबडा मिटायला रबरबँड लावू नका, मुंबईच्या दमट हवेत तो लवकर सैल पडतो. बॉलपेनची स्प्रिंग लावा. ओढायला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, पण मानेच्या कडेवर तो घासून तुटतो. रिकाम्या रिफिलीच्या नळीतून ओवा. बोलताना जबडा आठ-दहा मिलिमीटरच उघडावा. स्वराला उघडायचा, आणि प, फ, ब, भ, म ला मिटायलाच हवा. 'मारीन' म्हणताना आधी मिटलेला, मग 'मा'वर झटक्यात उघडा: प्रेक्षक शहारतो तो इथे.

हाताने ओढण्याऐवजी सर्वो मोटर (ठरवलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) बसवायची तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत धातूच्या गिअरची मागा, स्प्रिंगच्या ताणाने प्लॅस्टिकचे दात झिजतात. तिची घरघर माइकमध्ये येते, म्हणून संवाद डब करा.

चालणारा बाहुला अख्खा दाखवायचा हट्ट नको. चकीच्या अशा शॉट्ससाठी एड गेल हे कमी उंचीचे अभिनेते पोशाखात होते आणि सेट सुमारे ३० टक्के मोठे बांधले होते. वन रूम किचनमध्ये ते जमणार नाही. बाहुल्याचे बूट हातात घालून फक्त पावलं चालवा, कॅमेरा लादीपासून चार इंचांवर ठेवून. सुरा पुठ्ठ्याचा, वर चंदेरी टेप. बुबुळांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडा आणि दिवा असा लावा की दोन्ही थेंब एकदम चमकतील.