जुन्या कॅसेटमधली गाणी, सिनेमे आणि सामने संगणकावर कसे उतरवायचे

कॅसेटनी भरलेला खोका उघडला की हात आपसूक सगळ्यात लाडक्या अल्बमकडे जातो. तो सध्या बाजूला ठेवा. कंपनीने छापून विकलेल्या कॅसेटवरची गाणी बहुतेक वेळा आजही कुठे ना कुठे चांगल्या दर्जात मिळतात, सिनेमांचंही तसंच. आधी काढायच्या त्या पेनाने नाव लिहिलेल्या कॅसेट: रेडिओवरून उतरवलेला फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली अंतिम फेरी, ट्रान्झिस्टरपुढे टेपरेकॉर्डर धरून घेतलेलं समालोचन. त्यांत गाण्याआधीचं निवेदन असतं, दोन षटकांमधल्या जाहिराती असतात, विकेट पडताना चढलेला समालोचकाचा आवाज असतो. हे सगळं जगात फक्त त्या एका फितीवर उरलेलं असू शकतं.

आणि अधिकृत चित्रण हाती नसणं हे खरोखर घडलेलं आहे. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सच्या मैदानावर कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचं टीव्ही चित्रण उपलब्ध नाही. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेचे १९६०च्या दशकातले कित्येक भाग बीबीसीने पुसून टाकले. तरी हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकता येतो, तो चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर केलेल्या रेकॉर्डिंगमुळे.

हाताने लिहिलेल्या कॅसेटमध्येही १२० मिनिटांच्या आधी घ्या. त्यांची फीत साधारण ९ मायक्रॉन जाडीची, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटच्या फितीहून जवळपास निम्मी पातळ. ती ताणली जाते, आणि यंत्रातल्या रबरी रोलरला गुंडाळली जाण्याचा धोकाही तिलाच जास्त.

कॅसेट लावण्याआधी

पहिलं काम म्हणजे पाठीच्या कडेवरच्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडणं. ‘ए’ बाजू समोर आणि फीत दिसते ती कड खाली धरली, तर वर डावीकडची पट्टी ‘ए’ बाजूची असते. ती मोडली की त्या बाजूवर चुकूनसुद्धा रेकॉर्डिंग होत नाही.

मग उजेडात फितीचे वेटोळे बघा. कडेवर पांढुरकी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा आणि हे काम करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. कॅसेट थंड जागेतून आली असेल तर खोलीच्या तापमानाला एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर फितीवर ओल धरते.

कॅसेटच्या तोंडाशी मधोमध तांब्याच्या पातळ पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. फितीला हेडवर दाबून धरणं हे त्याचं काम. जुना गोंद सुकतो आणि तो तुकडा गळून पडतो. मग आवाज बुडाल्यासारखा आणि खालीवर होणारा येतो, आणि दोष उगाच रेकॉर्डिंगला दिला जातो. कवचाला पाच स्क्रू असतील तर ते उघडून फीत दोन्ही चाकांसकट दुसऱ्या चांगल्या कवचात बसवा. उघडताना कॅसेट टेबलावर आडवी ठेवा आणि वरचा भाग सरळ वर उचला. आतले गुळगुळीत कागद जागेवर राहायला हवेत, ते नसले तर फीत घासत चालते. कवच चिकटवलेलं असेल तर पातळ पात्याने सांध्यावर हळूहळू उचकटावं लागतं. ते कवच परत वापरता येणार नाही हे धरून चाला.

तुटलेली फीत दोन्ही टोकं ४५ अंशांत कापून, टोकाला टोक भिडवून, फितीच्या रुंदीच्या खास जोडपट्टीने जोडतात. पट्टी पाठीमागच्या बाजूने लावायची, हेडला लागणाऱ्या बाजूने नाही. साधी चिकटपट्टी कधीही वापरू नका. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेटोळ्यांना चिकटतो.

वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. घट्ट-सैल झालेले वेटोळे त्याने सारखे होतात.

डेकची तयारी

डेक म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्र. त्याचं हेड आणि त्याशेजारची फिरणारी धातूची काडी (कॅपस्टन) ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. काडी तपकिरी येणं थांबेपर्यंत पुसायचं. रबरी रोलरवर अल्कोहोल सारखं वापरलं तर रबर कडक होऊन तडकतं. त्याला साबणाचं सौम्य पाणी पुरे. घाणेरडा किंवा कडक झालेला रोलर हेच फीत ‘खाल्ली’ जाण्याचं नेहमीचं कारण. महत्त्वाची कॅसेट लावण्याआधी एखादी बिनकामाची कॅसेट पूर्ण वाजवून बघा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आवाजात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो: हेडचा कोन. घरी रेकॉर्ड केलेली प्रत्येक कॅसेट त्या त्या टेपरेकॉर्डरच्या हेडच्या कोनात रेकॉर्ड झालेली असते. तुमच्या डेकचं हेड त्याहून किंचित जरी तिरकं असलं तरी वरचे सूर आधी जातात. झांजा, टाळ्या, ‘स’ आणि ‘श’ चे उच्चार, बॅटचा टणत्कार, सगळं पांघरुणाआडून आल्यासारखं वाटतं. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात; ज्याखाली स्प्रिंग असते किंवा ज्यावर रंगाचा ठिपका असतो तो कोनाचा. मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. कॅसेट चालू ठेवून, दोन्ही चॅनल (डावा आणि उजवा आवाज) एकत्र करून म्हणजे मोनोमध्ये ऐकत, तो स्क्रू अगदी थोडा इकडेतिकडे फिरवा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त लागला तर काहीतरी वेगळं बिघडलेलं आहे. आवाज सगळ्यात लख्ख येईल ती जागा बरोबर. मोनोमध्ये ऐकायचं कारण असं की कोन चुकला की दोन चॅनल एकमेकांचे वरचे सूर मारतात आणि चूक लगेच कानाला कळते. प्रत्येक कॅसेटला, कधी कधी प्रत्येक बाजूला, हे नव्याने करावं लागतं. ऑटो-रिव्हर्स डेकवर दोन दिशांचे कोन वेगवेगळे असतात, म्हणून या कामाला एका दिशेने वाजणारा साधा डेक बरा.

कोन लागल्यावरच डॉल्बीचा (फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीचा) विचार करा, आधी नाही. डॉल्बी बी ने रेकॉर्ड केलेली कॅसेट डॉल्बी बंद ठेवून वाजवली तर आवाज चिरका आणि खरखर जास्त; डॉल्बी नसलेली कॅसेट डॉल्बी लावून वाजवली तर आवाज मंद आणि गुदमरलेला. कव्हरवर खूण नसेल तर कानावर भरवसा ठेवा.

उतरवणं

डेकच्या ‘लाइन आउट’ मधून वायर ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या उपकरणाच्या) ‘लाइन इन’ मध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात ती घालू नका. ते भोक बहुधा मोनो असतं आणि लाइनच्या सिग्नलने आवाज फाटतो. लाइन आउट नसेल तर हेडफोनची जागा चालेल, व्हॉल्यूम साधारण मध्यावर ठेवून. संगणकातली आवाज ‘सुधारणारी’ सगळी आपोआप चालणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर समालोचक श्वास घ्यायला थांबला की मागची खरखर फुगून वर येते.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे निवडा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाईल. एका तासाला साधारण १ जीबी लागते. नंतर फ्लॅक या फाईलप्रकारात बदललं तर एक कणही न गमावता जागा बरीच वाचते. एमपी३ फक्त मित्रांना पाठवायला.

आवाजाची पातळी ठरवताना सुरुवातीची दोन मिनिटं ऐकून थांबू नका. सामन्याच्या कॅसेटवर निवांत समालोचन आणि विकेट पडल्यावरची गर्जना यांत प्रचंड अंतर असतं. गर्जनेचा भाग शोधा आणि तिथे सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकून कापली गेलेली गर्जना नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. थोडं कमी पातळीवर घेतलेलं मात्र बिनधास्त वाढवता येतं.

पूर्ण बाजू एका दमात उतरवा, कोऱ्या भागासकट. गाण्यांचे तुकडे नंतर प्रतीवर करा. मूळ फाईलमधून निवेदन, जाहिराती, स्टेशन बदलतानाची खरखर काढू नका. गाणं दुसरीकडे मिळेल; त्या संध्याकाळी ते कशानंतर लागलं होतं हे दुसरीकडे मिळणार नाही.

ओळखीचं गाणं चढ्या किंवा उतरत्या पट्टीत वाटलं तर मूळ रेकॉर्डरचा वेग चुकलेला असतो (प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर). वेग आणि पट्टी एकत्र बदलणारी सोय वापरा. एकटी पट्टी बदलली तर लय चुकीचीच राहते.

खरखर कमी करताना ६ ते ९ डेसिबलच्या पुढे जाऊ नका, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आणि सामन्याच्या रेकॉर्डिंगला शक्यतो हात लावूच नका. दूरवरच्या गर्दीचा अखंड गुंजारव आणि फितीची खरखर सॉफ्टवेअरला जवळपास सारखीच वाटते. ते दोन्ही खातं आणि समालोचक रिकाम्या खोलीत बोलत असल्यासारखा उरतो.

व्हिडिओ कॅसेट

व्हीएचएस १९७६ साली आलं आणि जुलै २०१६ मध्ये फुनाई या शेवटच्या ज्ञात उत्पादक कंपनीने व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेटची यंत्रं) बनवणं थांबवलं. म्हणजे हाती चालू यंत्र असेल तर हे काम लांबवू नका. एस-व्हिडिओची (चित्र जास्त स्पष्ट देणारी) जोडणी असलेला प्लेअर मिळाला तर उत्तम, आणि चित्राची वेळ सावरणारं टीबीसी (टाइम बेस करेक्टर) हे उपकरण असेल तर रेघा थरथरणं बरंच कमी होतं.

चित्रात पांढऱ्या फटकाऱ्यांचा पट्टा फिरत असेल तर प्लेअरवरचं ट्रॅकिंगचं (हेड फितीवरच्या रेघांशी जुळवणारं) बटण हलवा. तळाशी अगदी काठावर दिसणारी थरथर मात्र दोष नाही. जुने टीव्ही तो भाग झाकत असत. आवाजात घरघर येत असेल तर हाय-फाय (चांगल्या दर्जाच्या) आवाजाऐवजी साध्या आवाजपट्टीवर वाजवून बघा, ती फितीच्या कडेला वेगळी असते. विकतच्या सिनेमाचं चित्र आळीपाळीने उजळ-मंद होत असेल तर तो नक्कल रोखणारा सिग्नल आहे. त्या कॅसेटमागे वेळ घालवू नका.

पॅल आणि एनटीएससी या टीव्ही चित्राच्या दोन पद्धती. पॅल असेल तर ७२० बाय ५७६, एनटीएससी असेल तर ७२० बाय ४८०, आणि इंटरलेस्ड (दोन अर्ध्या चित्रांत विभागलेलं) चित्र तसंच ठेवा. चाहत्याच्या दृष्टीने इथली एक गोष्ट फार मोलाची आहे. पॅल चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं म्हणतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळ्या क्षणी टिपलेली दोन अर्धी चित्रं असतात. म्हणजे टीव्ही कॅमेऱ्याने सेकंदाला ५० क्षण पकडलेले आहेत. बहुतेक सोपी सॉफ्टवेअर ती अर्धी चित्रं एकत्र करून २५ च ठेवतात. मग वेगवान गोलंदाजाचा हात झटके खात वर येतो आणि चेंडू जागोजागी उड्या मारतो. पाहण्याची प्रत बनवताना ५० फ्रेमची बनवा (एनटीएससी असेल तर जवळपास ६०). रन-अप, उडी, हाताचा झोका त्या काळी पडद्यावर जसा सलग दिसायचा तसाच दिसतो. सिनेमाला हा नियम नाही, तो मुळातच सेकंदाला २४ फ्रेममध्ये चित्रित होतो.

चित्र ४:३ च राहू द्या. रुंद पडद्यावर ताणलं की खेळाडू आडवे फुगतात.

तीन तासांच्या सामन्यात आवाज हळूहळू चित्राच्या मागे किंवा पुढे सरकणं ही नेहमीची तक्रार. स्वस्त कॅप्चर उपकरणं (चित्र संगणकात घेणारी) खराब सिग्नलवर फ्रेम गाळतात आणि आवाज मात्र चालू राहतो. गाळलेल्या फ्रेमचा आकडा वाढताना दिसला की थांबा, हेड साफ करा, टीबीसी लावा. काहीच जमलं नाही तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत उतरवा.

नोंद

फाईलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस. कव्हरच्या दोन्ही बाजूंचं स्कॅन सोबत ठेवा, हस्ताक्षरासकट. तारीख लिहिलेली नसेल तर ती बहुधा फितीतच असते: समालोचकाने सांगितलेली धावसंख्या आणि मैदान जुन्या धावफलकांशी जुळवा, नव्या सिनेमाची जाहिरात लागली तर त्याचं प्रदर्शन कधीचं ते बघा, बातम्यांचा एखादा तुकडा अडकला असेल तर काम सोपं. शोधलेली तारीख कशावरून ठरवली तेही लिहा, आणि कितव्या मिनिटाला काय आहे याची यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवा.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. मूळ कॅसेट टाकू नका. पुढे चांगला डेक मिळाला तर परत उतरवता येते. एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, डबीत, उभी, कोरड्या आणि थंड जागी, स्पीकरपासून लांब ठेवा, आणि डबीत फाईलचं नाव लिहिलेली चिठ्ठी घाला.