न्यूझीलंडचा साऊथ आयलंड, दोघांत एक गाडी: कुणी कुठे चालवायचं याचा हिशेब

पुण्यातून दोन मित्र न्यूझीलंडला गाडी घेऊन फिरायला निघाले की सगळी चर्चा हॉटेल, बजेट आणि बंजी जंपिंगची होते, पण तिथे जाऊन भांडण कशावरून होतं माहितीये का, ज्याच्या हातात स्टेअरिंग असतं त्याला काहीच दिसत नाही यावरून. रस्ते जायला एक लेन, यायला एक लेन, सतत वळणं, आणि बाजूचा येडा ओरडतोय "अरे ते बघ ते बघ". त्यामुळे प्लॅन करताना आधी हे ठरवा की कुठल्या पट्ट्यात कोण चालवणार, बाकीचं आपोआप बसतं.

आधी कागदपत्रं उरकून टाकू. व्हिसा ऑनलाइन होतो. महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड लायसन इंग्रजीत असतं त्यामुळे तेवढ्यावर टुरिस्टला चालवता येतं, तरी मी म्हणतो इंटरनॅशनल परमिट काढूनच ठेवा, आपल्या आरटीओतून मिळतं, फी हजार रुपये, वर्षभर चालतं, गाडी भाड्याने देणारा काउंटरवर उगाच लायसन उलटसुलट करत बसत नाही. आणि दोघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून करारात टाका म्हणजे टाकाच! दुसऱ्या ड्रायव्हरचे थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील, कारण नाव नसताना त्याने गाडी ठोकली तर इन्शुरन्स हात वर करतो. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मेन ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, वडिलांचं कार्ड चालत नाही. आणखी एक, डिझेल गाडी स्वस्त वाटली तरी तिकडे डिझेलवर किलोमीटरप्रमाणे वेगळा रोड टॅक्स असतो, तो भाड्यात धरलाय का नंतर लावणार ते आधीच विचारा.

सामान भरताना पुणेकर हमखास अडकतो तो खाण्यात. बाकरवडी, चकली, गोडा मसाला, आईने दिलेले बेसनाचे लाडू, जे काय असेल ते विमानतळावरच्या फॉर्मवर डिक्लेअर करायचं. डिक्लेअर केलं तर फार फार तर ते काढून घेतील, लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध तर नेऊच नका. आणि सिंहगडाला घालून जाता ते बूट नेणार असाल तर तळव्यातली माती ब्रश घेऊन घासून काढा, तिकडे चिखलाच्या बुटांचीपण तपासणी होते.

आता रूट. ख्राइस्टचर्चला उतरायचं, तिथेच गाडी घ्यायची आणि तिथेच परत द्यायची. मुंबईहून सिंगापूरमार्गे जाता येतं, सिंगापूरहून ख्राइस्टचर्चला थेट विमान आहे. डिसेंबरात तिथलं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं, त्यामुळे उतरल्या दिवशी गाडी हातात घेऊ नका, झोपा सरळ.

पहिला टप्पा लेक टेकापो, सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास. फेअरलीपर्यंत शेतं आणि मेंढ्या, इथे कुणीही चालवा. टेकापोला तळ्याकाठी १९३५ चं दगडी चर्च आहे, दिवसा तिथे फोटोवाल्यांची झुंबड असते, पण खरी मजा रात्री, कारण हा सगळा भाग २०१२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचं आकाश काळोखं राहावं म्हणून जपलेला भाग) आहे आणि आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत गेलात तर तळ्याकाठी लुपिनची जांभळी-गुलाबी फुलं.

इथून पुढे खिडकीचा हिशेब सुरू होतो, नीट वाचा. आपल्यासारखंच तिकडे डावीकडून चालवतात, म्हणजे ड्रायव्हर उजवीकडे, शेजारचा डावीकडे. लेक पुकाकीच्या पश्चिम काठाने माउंट कुक गावाकडे हायवे ८० जातो, साधारण ५५ किलोमीटर. जाताना तळं उजव्या हाताला आणि समोर थेट ३,७२४ मीटरचा अओराकी, म्हणजेच माउंट कुक, येताना तळं डाव्या हाताला. म्हणजे जाताना शेजारी बसणाऱ्याला समोरचा डोंगर निवांत मिळतो, येताना शेजारच्याला तळं अगदी खिडकीशी मिळतं. दोघांनी एकेक बाजू वाटून घ्या, आणि कुणाला काय हवंय ते आदल्या रात्रीच बोला, नाहीतर सकाळी पार्किंगमध्ये तोंडं फुगतात.

मग लिंडिस पास (९७१ मीटर, सगळीकडे सोनेरी गवताच्या टेकड्या) करून वनाका, आणि वनाकाहून क्वीन्सटाउनला क्राउन रेंजच्या रस्त्याने, हा घाट १,०७६ मीटरपर्यंत चढतो. ज्याला घाटात चालवायची हौस आहे त्यालाच द्या. आपण वरंधा, आंबेनळी केलेले असतो त्यामुळे वळणांची भीती नसते, घात होतो तो वेगळ्याच सवयींनी. ओपन रोडला लिमिट १०० चं असतं म्हणून १०० ने जायलाच हवं असं नाही, वळणाच्या आधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असे आकडे असतात ते खरे धरायचे. पिवळी सेंटर लाइन असेल तर ओव्हरटेक बंद. मागे दोन-तीन गाड्या साठल्या तर जागा बघून डावीकडे घ्या, जाऊ द्या त्यांना. हॉर्न विसरा. फार वेडंवाकडं चालवलंत तर मागचा माणूस स्टार ५५५ फिरवून पोलिसांना कळवतो, आणि हे खरंच करतात लोक.

एक लेनचे पूल हा प्रकार आपल्याला नवा. निळ्या चौकोनी पाटीवर पांढरा मोठा बाण तुमच्या बाजूचा असेल तर आधी तुम्ही, लाल कडेच्या गोल पाटीत तुमचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं, समोरचा कितीही लांब असला आणि "निघून जाऊ की" असं कितीही वाटलं तरी. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, नळ स्टॉपची सवय तिथे काढून ठेवायची.

क्वीन्सटाउन मला महाग आणि गर्दीचं वाटतं, एक रात्र पुरे. तिथून मिलफर्ड साउंडला, म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीला, एका दिवसात जाऊन येतात लोक, जायलाच चार तास, यायला चार, मध्ये बोट. करू नका हे. वाटेत ते आनाऊ नावाचं गाव आहे, तिथे मुक्काम करा. जाताना वाकाटिपू तळं उजवीकडे असतं, परतताना डावीकडे, तर परतीला जो चालवणार नाही त्याने लेन्स बाहेर काढून बसावं. ते आनाऊहून मिलफर्ड १२० किलोमीटरच्या आतच आहे, पण थांबे इतके की अर्धा दिवस धरा. टाकी ते आनाऊलाच फुल करा, मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा कारण पुढे नेटवर्क जातं. होमर टनेल सव्वा किलोमीटरचा, १९५४ ला सुरू झालेला, आत चांगलाच उतार आणि अंधार, लाइट आधीच लावा. टनेलच्या तोंडाशी किआ नावाचे हिरवे पोपट असतात, ते गाडीचं रबर आणि वायपर कुरतडतात, गोड दिसतात म्हणून खायला घालू नका आणि खिडकी उघडी ठेवून तर अजिबात उतरू नका.

पाऊस लागला म्हणून रडायचं नाही. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या ताम्हिणीसारखंच, पाऊस असला की कड्याकड्यातून शेकडो धबधबे सुटतात, कोरड्या दिवशी त्यातले मोजकेच उरतात. सँडफ्लाय नावाच्या बारीक चावऱ्या माशा मात्र फोडून काढतात, मलम ते आनाऊतच घ्या. जून ते ऑगस्टमध्ये गेलात तर या रस्त्यावर बर्फासाठी टायरला लावायच्या चेन सोबत लागतात आणि हिमकडे कोसळायच्या भीतीने रस्ता बंदही ठेवतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने उन्हाळाच धरावा, म्हणजे आपला हिवाळा. रात्री नऊपर्यंत उजेड, बोनस.

परत वनाकाला येऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या हास्टकडे. हा माझा सगळ्यात आवडता पट्टा आणि इथला हिशेब सगळ्यात मजेशीर: आधी हावेआ तळं उजवीकडे, मग द नेक नावाची चिंचोळी खिंड, आणि पलीकडे एकदम वनाका तळं डावीकडे. नेकच्या आधी जागा बदलायची असेल तर व्ह्यूपॉइंटला व्यवस्थित थांबूनच. हास्टपासून उत्तरेला समुद्र डाव्या बाजूला, नाइट्स पॉइंटला थांबा. फ्रान्झ जोसेफपर्यंत वनाकाहून जवळपास २८५ किलोमीटर होतात, हा एकच दिवस मोठा ठेवा, बाकी दिवसाला तीन-चार तासांच्या वर चालवायचं नाही.

जेवणासाठी हॉलिडे पार्कमधली केबिन घ्या, तिथे कॉमन किचन असतं, सुपरमार्केटमधून तांदूळ-डाळ घ्या, एकाने शिजवायचं दुसऱ्याने भांडी. पेट्रोल, जेवण, पार्किंग सगळं स्प्लिटवाइज या खर्च वाटून देणाऱ्या अ‍ॅपवर त्याच वेळी टाका, "नंतर बघू" म्हटलं की संपलं. बऱ्याच पंपांवर माणूस नसतो, पिन असलेलं कार्ड लागतं, दोघांकडेही हवं.

शेजारी बसणाऱ्याची कामं पण आहेत बरं का, तो काय राजासारखा बसायला नाही आलेला. थांबा यायच्या आधी सांगायचं, "पुढच्या डावीकडे पार्किंग आहे, घ्यायचं का", वळणावर पोहोचल्यावर ओरडायचं नाही. आणि ड्रायव्हरसाठी फोटो काढून ठेवायचे, त्याला दाखवायचे गाडी थांबल्यावर.

फ्रान्झ जोसेफहून उत्तरेला होकिटिकाला यायचं, आणि शेवटचा दिवस तिथून आर्थर्स पासच्या घाटाने ख्राइस्टचर्च, साधारण २५० किलोमीटर. ओटिराचा उंच व्हायाडक्ट १९९९ चा आहे, पलीकडे वर लुकआउट, तिथून पूल वरून दिसतो. पुढे सपाटीवर उतरलात की शहरात शिरायच्या आधी टाकी भरून पावती ठेवा, कुठे ओरखडा नाही ना हे दाखवणारा व्हिडिओ काढा, सीटखाली पडलेला चार्जर शोधा आणि मगच किल्ली द्या.