पगाराची फाईल बँकेत पाठवण्याआधी – माझा अनुभव

सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत पगाराची सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादीची फाईल) शेअर्ड फोल्डरमध्ये उघडीच पडलेली असायची, कोणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की खाते नंबरच्या सुरुवातीची शून्यं गायब, आणि कोणी मुद्दाम नंबर बदलला असता तर तेही कळलं नसतं. आता ईआरपीतून (कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमधून) फाईल निघाली की स्क्रिप्ट लगेच जीपीजी (फाईल कुलूपबंद करायचं सॉफ्टवेअर) वापरून आमच्या प्रायव्हेट कीने साइन करते, म्हणजे फाईल आमचीच आणि न बदललेली आहे हे बँकेला तपासता येतं, आणि बँकेच्या पब्लिक कीने एन्क्रिप्ट करते, म्हणजे ती फक्त बँकच उघडू शकते, मग एसएफटीपीने (सुरक्षित फाईल पाठवायच्या पद्धतीने) पाठवते. बँकेची की मेलवर आलेली, पण तिचा फिंगरप्रिंट (की ओळखायचा छोटा कोड) फोन करून जुळवला, आणि फोन नंबर मेलमधला नाही बरं का, अ‍ॅग्रीमेंटवरचा! झिपला पासवर्ड लावून तोच त्याच मेलमध्ये लिहिणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. अकाउंट्सच्या काकांना फाईल बघायचीच असते, त्यांना वेगळी पीडीएफ दिलीये, टोटल आणि एंट्र्यांची संख्या त्यावरच टॅली करतात.