वाड्यातली जुनी कार्बाइन कशी ओळखावी, कशी जपावी

दसऱ्याच्या शस्त्रपूजेत वऱ्हाडातल्या देशमुखी वाड्यांत किंवा भंडारा-चंद्रपूरकडच्या मालगुजारांच्या घरांत कधीकधी तलवारीशेजारी एक आखूड बंदूक मांडलेली असते. घरचे तिला सरसकट 'भरमार' (तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक) म्हणतात. ती कार्बाइन, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूकही असू शकते. कामठीची छावणी १८२१ची, अचलपूरला हैदराबाद कंटिंजंटचं (निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेचं) ठाणं; घोडदळाचं हत्यार इकडे सापडलं तर नवल नाही.

सगळ्यात आधी ती भरलेली नाही ना, हे पाहा. ठासणीच्या नळीत राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटू शकते. नळीचं तोंड मोकळ्या जागेकडे ठेवा, स्वतः बाजूला उभे राहा आणि पातळ लाकडी काडी अलगद आत सोडा. तोंडाशी काडीवर खूण करा, मग तीच काडी बाहेरून नळीला लावून पाहा. टोक, बार पेटवणारी छोटी धातूची टोपी बसवायच्या जागेच्या बरंच अलीकडे थांबत असेल, तर आत काहीतरी अडकलंय. ते उकरू नका, परवानाधारक बंदूक कारागिराला बोलवा. बार काढून पाहण्याचा मोह तर कधीच नको.

मग कायदा. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही गोळी सुटू शकणार नाही अशाच हत्यारांना. हे आपणच ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज करून उत्तर लेखी घ्या. शेत नांगरताना किंवा पाया खोदताना बंदूक मिळाली, तर १८७८चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा लागू होऊ शकतो; तेव्हाही जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

आता ओळख, म्हणजे खरा आनंद. टेप घ्या आणि नळी मोजा. १८५३च्या एनफिल्ड पायदळी बंदुकीची नळी ३९ इंच, तर १८५६च्या घोडदळी कार्बाइनची २१ इंच. पण नळी कापून आखूड केलेल्या बंदुका खूप फिरतात, म्हणून नुसत्या लांबीवर जाऊ नका. डाव्या बाजूला स्वाराच्या खांद्यावरच्या पट्ट्यात अडकवायला लोखंडी दांडी आणि कडी आहे का? ठासायचा गज नळीला बिजागरीने अडकवलेला आहे का? धावत्या घोड्यावर गज हातातून निसटला तर बंदूक निकामी, म्हणून ही सोय. या खुणा कापाकापीवाल्याला सहसा सुचत नाहीत.

मागून काडतूस भरायची असेल, तर झाकण उजवीकडे उघडणारी ती स्नायडर, १८६६नंतरची. बाहेर घोडा (चाप ओढल्यावर आपटणारी हातोडी) नाही आणि चापामागे खाली लोखंडी तरफ आहे, ती मार्टिनी-हेन्री. या दोन्हींच्या बाबतीत कायद्याची सूट गृहीत धरू नका, परवान्याचा प्रश्न आधी सोडवा.

शेवटी शिक्के. चापाच्या यंत्राच्या पट्टीवर उभा सिंह असेल, तर बंदूक ईस्ट इंडिया कंपनीची, म्हणजे सहसा १८५८च्या आधीची. मुकुट आणि 'व्ही. आर.' ही व्हिक्टोरिया राणीची खूण. तिचं राज्य १८३७ ते १९०१. 'व्ही. आर.' खाली १९०५ कोरलेलं दिसलं, तर शिक्का बनावट समजा; विकत घेत असाल, तर सरळ उठून या. अक्षरं वाकडी किंवा उलटी असली तरी तेच. साल मात्र फक्त त्या पट्टीचं असतं. नळी आणि लाकडी दस्ता दुसऱ्या बंदुकीचे असू शकतात.

खरी निघाली, तर घासू नका. सँडपेपरने चकाकवलेल्या बंदुकीवरचे शिक्के जातात आणि तिची किंमतही. मऊ कापडाने हलकं मशीन ऑइल पुरेसं आहे. हळदकुंकवाचं पाणी चापात झिरपून गंज धरतो, म्हणून पूजेत तिला कोरडंच फूल वाहा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, आणि मातीच्या भिंतीला टेकवूही नका: ओल येते, वाळवी दस्ता खाते. मे महिन्यातल्या उन्हात लाकूड तडकतं, ते वेगळंच.

विकत घ्यायचा विचार असेल, तर त्याआधी नागपूरच्या अजब बंगल्यातल्या शस्त्रदालनात निवांत एक दुपार घालवा. १८६३पासूनचं हे संग्रहालय आहे. लाकूड आणि लोखंड जुनं होतं म्हणजे नेमकं कसं दिसतं, ते तिथे डोळ्यांत बसतं. मगच विक्रेत्याकडे शिक्क्यांचे जवळून काढलेले फोटो आणि मालकीची कागदपत्रं मागा. शंभर वर्षांवरची वस्तू असेल, तर १९७२चा पुरावशेष कायदाही त्याला विचारा.