स्वीट होम ३डीत घराचा आराखडा: मापे कुठे चुकतात आणि कशी सुधारायची

स्वीट होम ३डी हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घरचा आराखडा काढायला पुरेसे आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ते चालते. डावीकडे फर्निचर, उजवीकडे वर प्लॅन आणि खाली ३डी दृश्य अशी त्याची मांडणी तासाभरात हाताळता येते. अडचण येते ती नंतर. प्लॅनमध्ये नीट बसलेले कपाट खऱ्या खोलीत बसत नाही, दार भिंतीत जात नाही, छापलेल्या नकाशावर टेप लावला तर माप जुळत नाही. यातल्या बहुतेक चुकांचे मूळ पहिल्या अर्ध्या तासात, म्हणजे मापे घेताना आणि भिंती ओढताना असते. म्हणून इथे सर्वांत जास्त जागा भिंतींना दिली आहे.

भिंत ओढण्याआधी

प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकक सेंटिमीटर करा. आपल्याकडे गवंडी, सुतार आणि बिल्डर सगळे फूट-इंचात बोलतात, तरी टाइप करताना सेंटिमीटरच सुरक्षित. कारण साधे आहे: १० फूट ६ इंच हे माप घाईत १०.६ असे लिहिले जाते. दशांशात १०.६ फूट म्हणजे ३२३ सेंमी, तर १० फूट ६ इंच म्हणजे ३२० सेंमी. प्रत्येक भिंतीत असे तीन सेंमी घुसले की चौथ्या खोलीपर्यंत आराखड्याच्या भिंती एकमेकींना मिळतच नाहीत.

तिथेच नव्या भिंतीची जाडी आणि उंचीही बदला. मूळ जाडी ७.५ सेंमी आणि उंची २५० सेंमी असते. आपल्या बांधकामाशी दोन्हींचा मेळ बसत नाही. जाडी अंदाजाने टाकू नका. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची पूर्ण जाडी मोजता येते आणि त्यात दोन्हीकडचे प्लास्टर आपोआप धरले जाते. ९ इंची बाहेरची भिंत प्लास्टरसह साधारण २५ ते २६ सेंमी भरते. उंचीसाठी फरशीपासून स्लॅबच्या खालच्या बाजूपर्यंत टेप लावा.

खोली मोजताना चार भिंतींबरोबर दोन्ही कर्णही मोजा. ३०५ × ३३५ सेंमीच्या खोलीचा कर्ण ४५३ सेंमी यायला हवा. दोन कर्णांत चार-पाच सेंमींचा फरक आला तर खोली गुण्यात (काटकोनात) नाही, आणि तिथे मोड्युलर कपाटाच्या कडेला फट राहणार हे आधीच कळते. जुन्या इमारतींत ही तपासणी कधीच टाळू नये.

मध्यरेषेची चूक

हा भाग सावकाश वाचा. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही भिंत ओढता तेव्हा जी लांबी दिसते ती भिंतीच्या मध्यरेषेची असते. टेपने मात्र आपण आतले माप घेतो, प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत. आतले माप जसेच्या तसे टाकले की खोली दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या भिंतीने लहान होते.

उदाहरण घेऊ. बेडरूम आतून ३०५ सेंमी रुंद आहे. एका बाजूला २५ सेंमीची बाहेरची भिंत, दुसऱ्या बाजूला १५ सेंमीची आतली. ओढायची लांबी अशी काढा: ३०५ + १२.५ + ७.५ = ३२५ सेंमी. कुणी ३०५च टाकले तर आतली खोली २८५ सेंमी होईल. आता तिथे १८० सेंमी रुंदीचा पलंग आणि ६० सेंमी खोलीचे कपाट समोरासमोर ठेवा. खऱ्या खोलीत चालायला ६५ सेंमी उरतात, चुकलेल्या प्लॅनमध्ये ४५. हे उलटही होते. बाहेरून मोजलेले माप मध्यरेषेला लावले तर प्लॅनमध्ये जागा जास्त दिसते, आणि कपाट बनून आल्यावर त्याचे दार पलंगाला अडते.

अचूक लांबीसाठी माउसवर विसंबू नका. भिंतीची सुरुवात क्लिक करा, मग एंटर दाबा. लांबी, कोन आणि जाडीचे रकाने उघडतात, त्यात आकडे टाइप करा. शेवटच्या भिंतीवर डबल-क्लिक केले किंवा एस्केप दाबले की ओढणे थांबते. मॅग्नेटिझम चालू असताना कोन १५ अंशांच्या टप्प्यांत सरकतो आणि लांबीही झूमनुसार गोल आकड्यावर येते. म्हणून लांबून पाहत ओढलेली भिंत ३२५ऐवजी ३३०वर जाऊन बसते. काटकोनी खोल्यांसाठी मॅग्नेटिझम चालू ठेवा, तिरक्या गॅलरीसाठी प्रेफरन्सेसमधून बंद करा.

भिंती झाल्या की क्रिएट रूम्स निवडून खोलीच्या आत डबल-क्लिक करा. खोली आपोआप भरली जाते आणि क्षेत्रफळ दिसते. हीच तुमची पडताळणी. वरच्या ३०५ × ३३५ सेंमीच्या खोलीचे उत्तर १०.२२ चौरस मीटर, म्हणजे ११० चौरस फूट आले पाहिजे. खोली भरलीच नाही, किंवा शेजारच्या खोलीसकट भरली, तर कुठेतरी फट आहे. कोपऱ्यांवर खूप झूम करा, भिंतीचे टोक ओढून दुसऱ्या भिंतीच्या टोकावर सोडा. मध्येच येऊन मिळणारी आडभिंत मोठ्या भिंतीच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचलेली असावी, नुसती कडेला टेकलेली नको.

क्षेत्रफळाच्या या बेरजेवरून बिल्डरशी वाद घालण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. रेरा या घरखरेदीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या २०१६च्या कायद्यातील कार्पेट एरियात आतल्या आडभिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, खासगी बाल्कनी आणि गच्ची वगळली जाते. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक खोलीची फक्त मोकळी जागा मोजते. १५ सेंमी जाड आणि ३.५ मीटर लांब एकच आडभिंत सुमारे साडेपाच चौरस फूट खाते. तेव्हा खोल्यांच्या बेरजेत अशा सर्व भिंती मिळवा आणि बाल्कनी वेगळी ठेवा, मगच करारातल्या आकड्याशी तुलना करा.

ब्रोशरचा नकाशा खाली ठेवून काढताना

प्लॅन मेनूतून बॅकग्राउंड इमेज आणता येते आणि एका ज्ञात लांबीवर रेघ ओढून प्रमाण ठरवता येते. ती रेघ दाराच्या तीन फुटांवर ओढू नका. फ्लॅटच्या सगळ्यात लांब मापावर ओढा. रेघेच्या टोकाशी झालेली तीच चूक ३० फुटांवर दहापट कमी परिणाम करते. नंतर आडव्या दिशेचे एखादे माप तपासा. उभे जुळते आणि आडवे जुळत नाही, तर चित्र ताणले गेले आहे. फोनने काढलेल्या फोटोत कडा तिरक्या होतात, म्हणून कागद सपाट स्कॅन करा. ब्रोशर आणि टेप यांच्यात सगळीकडे दोन-अडीच सेंमींचा फरक येत असेल तर तो बहुधा दोन्हीकडच्या १२-१२ मिमी प्लास्टरचा असतो. अशा वेळी टेपचे माप खरे धरा.

दारे, खिडक्या, रंग

दार भिंतीला भोक पाडत नसेल तर तीन गोष्टी पाहा: ते भिंतीच्या जाडीत नीट बसले आहे का, भिंत आणि दार एकाच लेव्हलवर आहेत का, आणि बाहेरून आयात केलेले मॉडेल असेल तर आयातीच्या वेळी ‘दार किंवा खिडकी’ या पर्यायावर खूण केली होती का. तिसरे कारण सर्रास आढळते. दार उलट्या बाजूला उघडत असेल तर ते फिरवत बसू नका. डबल-क्लिक करून मिरर्ड शेपवर खूण करा.

खिडकीची जमिनीपासूनची उंची एलिव्हेशनच्या रकान्यात टाकायची. आपल्याकडे लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, बहुधा ७ फुटांवर असते. त्यामुळे ४ फूट उंचीच्या खिडकीची सिल (खालची कड) ३ फुटांवर, म्हणजे सुमारे ९० सेंमी, आणि दीड फुटी व्हेंटिलेटरची साडेपाच फुटांवर येते. हे आकडे न टाकता खिडकी सोडली तर ३डी दृश्यात ती ओट्यामागे लपू शकते.

एका खोलीचा रंग बदलला आणि शेजारच्या खोलीचाही बदलला, अशी तक्रार नेहमी येते. दोन खोल्यांना लागून जाणारी बाहेरची भिंत एकच असते, तिला आतून एकच रंग मिळतो. स्प्लिट वॉलने तिचे दोन तुकडे करा. भिंत बरोबर मध्यात तुटते, मग तो सांधा ओढून आडभिंतीपाशी आणा. डावी-उजवी बाजू भिंत कोणत्या दिशेने ओढली त्यावर ठरते. सगळ्या भिंती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओढायची सवय लावली तर हा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

३डी दृश्य आणि फोटो

३डी चौकट काळी किंवा रिकामी असेल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होते. दोन ग्राफिक्स कार्डांच्या लॅपटॉपवर सेटिंगमधून मोठे कार्ड नेमून द्या. फाइल उघडायला फार वेळ लागत असेल तर इंटरनेटवरून घेतलेली नक्षीदार मॉडेल कारणीभूत असतात. एका कोरीव सोफ्याचा भार बाकी सगळ्या घराहून जास्त होऊ शकतो. आयात केलेले मॉडेल डोंगराएवढे किंवा मुंगीएवढे आले तर ते मिलिमीटर-मीटरच्या गफलतीमुळे. प्रमाण कायम ठेवून रुंदी खऱ्या मापाची टाका.

फोटो काढताना वरच्या दोन दर्जांत दिवसाची वेळ आणि दिवे यांचा परिणाम दिसतो. त्याआधी प्लॅनवरच्या होकायंत्रावर डबल-क्लिक करून उत्तर दिशा आणि शहराचे अक्षांश-रेखांश तपासा. पुण्यासाठी सुमारे १८.५ उत्तर आणि ७३.९ पूर्व. हे केले नाही तर पश्चिमेच्या बेडरूममध्ये सकाळचे ऊन दिसेल आणि पडद्यांचा निर्णय चुकेल. आधी लहान आकाराचा, कमी दर्जाचा फोटो काढून कोन पक्का करा, मगच मोठ्याला वेळ द्या.

छापताना

सुताराला द्यायचा कागद १:५० प्रमाणात छापा. आडव्या ए४वर साधारण १४ मीटर × १० मीटरपर्यंतचे घर मावते, त्यातून समासाची जागा वजा करा. पेज सेटअपमध्ये हे प्रमाण ठरवूनही प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ चालू राहिले तर सगळे फुकट जाते, म्हणून तिथे १०० टक्के ठेवा. पीडीएफमध्ये ‘स्वयंपाकघर’सारख्या शब्दांतली जोडाक्षरे तुटून दिसली तर सॉफ्टवेअरच्या प्रिंट टू पीडीएफऐवजी नेहमीच्या प्रिंटमधून संगणकाचा पीडीएफ प्रिंटर निवडा. कागद हातात आल्यावर त्यावरची ५ मीटरची भिंत पट्टीने मोजा. ती १० सेंमी भरली नाही तर तो कागद सुताराकडे जाऊ देऊ नका.